डेगीला एकच हात

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "काकांचं वरचं मीठ आजपासून बंद," आणि त्या दिवसापासून आमच्या घरात भाजीत जास्त मीठ पडायला लागलं.

यात आईला हसण्यासारखं काही नव्हतं, तरी आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे ताट वाढलं की डाव्या बाजूला चिमूटभर मीठ ठेवतात, त्याला वरचं मीठ म्हणतात. ते बंद करा असं सांगितलं, आईनं ते बंद केलं. आता ताटात वाढायचं नाही म्हणजे पातेल्यातच पुरेसं पडायला हवं, नाहीतर नवऱ्यानं जेवायचं कसं? तिनं आमटीत अर्धा चमचा वाढवला. पंधरा दिवसांत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय इतके सुजले की चप्पल घालता येईना. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ बंद केलंत ना?" आई ठसक्यात म्हणाली, "व्हय की. वरचा एक कण दिला न्हाय." मग सगळा प्रकार बाहेर आला. डॉक्टर हसले, मी हसले, अण्णा तर धाप लागेपर्यंत हसले. आई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

डॉक्टरांनी मग मला बाजूला घेतलं. दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस करायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. पाणी दिवसाला पाऊण लिटर. मीठ म्हणजे मीठ, वरचं नाही, खालचं नाही, कुठलंच नाही. त्यांनी छापील कागद दिला. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बघा," असं म्हणाले, आणि मला ते आवडलं.

मी, बुद्धप्रिया, एका कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म तपासते. वय एक्केचाळीस, लग्न झालं होतं, मोडलं, सोलापुरात आई-वडिलांकडे बुधवार पेठेत राहते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा धंदा आहे आणि तो मला चांगला जमतो. जन्मतारखेतला एक आकडा चुकला तरी मी फॉर्म परत करते. पोरं मागं काय म्हणतात ते मला माहीत आहे. तर मी तो कागद लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. केळं नको, बटाटा नको, टोमॅटो नको, नारळपाणी तर अजिबात नको. पालेभाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पोटॅशियम जास्त असलेले पदार्थ. दूध काढायला फ्रिज उघडला की ते शब्द रोज डोळ्यांसमोर यायचे. इतके रोज, की दिसेनासे झाले.

अण्णा म्हणजे सिद्राम, एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपले. पण आमच्या भागात त्यांना कुणी मेकॅनिक म्हणून ओळखत नव्हतं. त्यांना ओळखायचे मिठासाठी. जयंतीचं भोजनदान असो, कुणाचं लग्न असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, आमटीची डेग चढली की अण्णांना बोलावणं यायचं. कांदा चिरायला, मसाला वाटायला, भात उपसायला पन्नास माणसं असत. मीठ मात्र एकट्या अण्णांनी घालायचं.

ते कधी चव घेत नसत. डेगीजवळ उभे राहायचे, वाफ तोंडावर घ्यायचे, उकळी कशी फुटतेय ते बघायचे. मग उजव्या मुठीत खडे मीठ घेऊन कडेकडेनं गोल फिरवून सोडायचे. दोन मुठी, कधी अडीच. चारशे माणूस जेवून जायचं आणि एकजण मीठ मागायचा नाही. त्यांचा नेम एकच होता: डेगीला एकच हात. माझ्या लहानपणी एकदा शेजारच्या ज्ञानूकाकानं चांगल्या मनानं, अण्णांनी घातलं नसेल असं समजून, दोन मुठी टाकल्या. सगळी आमटी गटारात ओतावी लागली. तेव्हापासून अण्णा डेगीजवळ येणाऱ्याला दरडावायचे. "मीठ घातलं का, आसं इचारायचं बी न्हाय. मी हितं हुबा हाय न्हवं?"

असा माणूस आता अळणी जेवायला लागला.

मीठ गेलं म्हणजे एक चव गेली, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. मीठ गेलं तेव्हा आधी भाकरी गेली, कारण बिनमिठाच्या कालवणाबरोबर ज्वारीची भाकरी नुसती ओल्या भुशासारखी तोंडात फिरते. मग कांदा गेला. शेंगांची चटणी तर कागदातच नको म्हणून लिहिली होती, आणि सोलापुरात राहून शेंगांची चटणी नको म्हणजे माणसानं खायचं तरी काय! मग भूक गेली. मग "आज काय केलंय?" हा प्रश्न गेला. अण्णा रोज सकाळी चहा पिता पिता तो विचारायचे, आई रोज चिडायची, "काय करू म्हंता? तुमीच सांगा की," आणि तिथून अर्धा तास त्यांचं भांडण चालायचं. वांगं कसं चिरायचं, मेथी निवडताना देठ किती ठेवायचे. त्रेचाळीस वर्षं त्यांचा संसार त्या अर्ध्या तासात झाला असं म्हटलं तरी चालेल. आता अण्णा चहाचा छोटा कप संपवायचे आणि दाराकडे बघत बसायचे. आई एकटीच चुलीपाशी भांड्यांशी बोलायची.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्यांच्या सभ्यपणाची. ताट पुढं आलं की ते खाली बघून जेवायचे आणि म्हणायचे, "चांगलं झालंय." आमच्या घरात अण्णांनी कधी जेवणाला चांगलं म्हटलं नव्हतं. चांगलं असलं की ते काही न बोलता आणखी भाकरी मागायचे. आता चांगलं म्हणायचे आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुवायचे. आई ती उरलेली भाकरी बघायची. चार महिन्यांत त्यांचं वजन अकरा किलोनं उतरलं. सदऱ्यात माणूस आहे की नुसता सदराच, असं वाटायचं.

एप्रिलमध्ये जयंती आली. तेराला संध्याकाळी ज्ञानूकाका दारात येऊन उभा राहिला. आता त्याचेही केस पिकलेत. म्हणाला, "अण्णा, उद्या नुसतं येऊन बसा. तुमी न्हाय म्हनल्यावर मीठ कुनी घालायचं?" आईनं नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं जाऊ दे, मी बरोबर असते. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

चौदाला दुपारी मांडवात आमटीची डेग उकळत होती. उन्हानं डोकं फुटायची वेळ. अण्णांना खुर्ची दिली होती, ते उठले, डेगीपाशी गेले. वाफ तोंडावर घेतली. सगळे बाजूला झाले. त्यांनी मूठ भरली आणि कडेकडेनं बरोबर गोल सोडलं. एक मूठ, दुसरी मूठ. तिसरी भरली, थोडा विचार केला, अर्धी परत पोत्यात टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माईकवर कुणीतरी बोलायला लागलं आणि सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

माझी वळली नाही, म्हणून मला दिसलं. अण्णांनी आपला उजवा तळवा तोंडाजवळ नेला आणि जिभेनं चाटला. मीठ लागलेली बोटं एकेक करून तोंडात घातली. डोळे मिटलेले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला पाहिलं. त्यांनी हात मागं नेला, लहान पोरानं न्यावा तसा. माझे वडील मला घाबरले होते. घरी जाताना रिक्षात ते म्हणाले, "आईला नगं सांगू." मी बाहेर बघत रडत होते, आणि मला सगळ्या जगाचा राग आला होता. डॉक्टरांचा, त्या कागदाचा, मांडवात चापून जेवणाऱ्या चारशे माणसांचा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मॉलमध्ये गेले. तिथं मिठाचं अख्खं एक कपाट होतं. एका पाकिटावर हिरवं पान आणि लाल हृदय काढलेलं होतं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सोडियम कमी. डॉक्टर म्हणाले होते सोडियम वाईट. इथं सोडियम कमी. मला वाटलं हे पाकीट कुणीतरी अण्णांसाठीच बनवलंय. समोरची बाजू वाचली आणि टोपलीत टाकलं. मागची बाजू वाचली नाही. एवढ्या वर्षांत मी एकही फॉर्म मागची बाजू न बघता पुढं जाऊ दिलेला नाही.

डॉक्टरांना विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. आईला सांगितलं असतं तर ती डॉक्टरांना विचार म्हणाली असती. वरच्या मिठाचं हसं झाल्यापासून ती कागदाबाहेर एक पाऊल टाकत नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. म्हणून मी ते मीठ एका स्टीलच्या डबीत भरलं आणि माझ्या ऑफिसच्या पिशवीत ठेवलं. आई अण्णांची आमटी वेगळ्या छोट्या पातेलीत करायची. ती आंघोळीला गेली की मी चिमूटभर टाकायचे आणि ढवळून झाकण ठेवायचे.

पहिल्या दिवशी अण्णांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, अर्धी भाकरी संपवली आणि ताट पुढं सरकवून म्हणाले, "वाढ." आई उठली. तिला भाकरी वाढताना दिसत नव्हतं, इतकं डोळ्यांत पाणी आलं होतं. "आज भूक लागली वाटतं," असं काहीतरी ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "आमटीत चिच जास्त पडली हाय." त्या दोघांचं भांडण परत सुरू झालं. मी पेपरात तोंड घालून बसले, आणि इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हते.

दहा-बारा दिवस घर परत घरासारखं झालं. सकाळचा प्रश्न परत आला. अण्णांनी एकदा आईला ओरडून सांगितलं की दोडक्याच्या शिरा नीट काढत जा. वजन अर्धा किलोनं वाढलं.

मग एका रविवारी आई पाणी भरायला नळावर गेली होती, पाणी पाचव्या दिवशी आलेलं. अण्णा जेवत होते, मी समोर बसले होते. त्यांनी घास चावता चावता हळू आवाजात म्हटलं, "प्रिया, डेगीला दोन हात लागलेत."

"म्हणजे?"

"तू घालतीस, आन् ती बी घालायली. येकमेकीला ठाव न्हाय."

मला ऐकूनच धस्स झालं. आई! नेम पाळणारी, कागदाला घाबरणारी आई. अण्णा जेवू लागले ते बघून तिच्याही मनानं उचल खाल्ली असणार: पोटात जातंय तर चिमूटभरानं काय होतंय. मी म्हटलं, "मी आईला सांगते बंद करायला."

"आन् तुला कसं कळलं म्हनून सांगशील?" अण्णा हसले. "ऱ्हाऊ दे. लई दिसांनी कालवन कालवनासारखं लागतंय. तिचा बी जीव हाय त्यात. कुनालाच काय बोलू नगं."

"पण अण्णा, तुम्हाला त्रास…"

"त्रास त्या मशिनीचा हाय. ह्याचा न्हाय."

मी तिथंच थांबायला हवं होतं. विचार केला नाही असं नाही, केला. विचार असा केला: आईचं मीठ खरं मीठ आहे, ते वाईट. माझं मीठ कमी सोडियमचं आहे, ते चालतं. थांबायचं असेल तर आईनं थांबावं. पण तिला थांबवायला गेले तर माझी डबी बाहेर येणार. म्हणून दोघीही घालत राहिलो. आणि अण्णांना माहीत आहे म्हटल्यावर माझी भीडही चेपली. चिमटीचा चमचा झाला, अर्धा, कधी पाऊण.

मे महिन्यात ऊन त्रेचाळीसला गेलं. अण्णा म्हणायला लागले, पायांना मुंग्या येतात, मांड्यांत जोर नाही. आम्ही म्हटलं उन्हानं. आई त्यांच्या तळव्यांना खोबरेल चोळायची. शुक्रवारचं डायलिसिस झालं, पुढचं मंगळवारी होतं. सोमवारी सकाळी अण्णा उंबऱ्यात बसले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी हात केला आणि उठायला गेले. उठता येईना. "प्रिया," म्हणाले, "पाय माजं ऐकनात."

मी आणि ज्ञानूकाकानं त्यांना उचलून रिक्षात घातलं, आई मागून चढली. दवाखान्यात पोरसवदा डॉक्टर होता, डोळे तांबारलेले. त्यानं छातीला पट्ट्या लावल्या, कागदावर उमटलेल्या रेघा बघितल्या आणि पळत जाऊन सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. रक्त तपासायला गेलं. थोड्या वेळानं तो बाहेर आला. "पोटॅशियम आठच्या वर गेलंय. काय खायला दिलंत? केळी? नारळपाणी?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात आई पुढं झाली. तिनं दोन्ही हात जोडले होते. "सायेब, मी मीठ घालत हुते," ती म्हणाली. "रोज चिमूटभर. जेवत नव्हते वो. मी घालत हुते."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. "मीठ दिलंत? मावशी, एवढं सांगून…" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आतून हाक आली आणि तो पळाला. आई तशीच हात जोडून उभी होती. मी तिच्या शेजारी होते. मी म्हणू शकले असते, आई, तुझं मीठ सोडियम आहे, हे पोटॅशियम म्हणतायत. म्हणजे तेव्हा मला नीट कळलं होतं असं नाही. पण फ्रिजवरचा तो ठळक शब्द पहिल्यांदा मला परत दिसला.

मशीन लावायच्या आत अण्णा गेले. सिस्टरनं सांगितलं, शेवटी त्यांनी पाणी मागितलं होतं. त्यांच्या वाट्याचं दिवसाचं पाणी अजून बरंच शिल्लक होतं. दिलं का, असं मी विचारलं नाही.

आधारकार्ड आणायला मी घरी आले. स्वयंपाकघरात उभी राहून पिशवीतून पाकीट काढलं. डबीत भरून उरलेलं पाकीट मी तसंच जपून ठेवलं होतं. ते उलटं केलं. मागं बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की यात पोटॅशियम क्लोराईड आहे, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. अक्षरं बारीक होती, पण वाचता येत होती. मला चष्मा लागत नाही. मी पाकीट आणि डबी परत पिशवीत टाकली, आधारकार्ड घेतलं, कुलूप लावलं. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या फाटकाजवळच्या कचराकुंडीत दोन्ही टाकून दिलं. घरच्या कचऱ्यात टाकलं नाही, कारण आई कचरा चाळून बघते.

माझा भाऊ दिपक पुण्याहून आला. त्याला वाटेतच फोनवर सगळं कळलं होतं. बाप गेल्याचं दुःख कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं ते आईवर टाकलं. चारचौघांत ओरडला, "डॉक्टरनं सांगितलेलं ऐकायला काय होतं? आधी एकदा तसंच केलंस, परत तेच! तुला कितीदा सांगायचं?" आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हणाले, "दिपक, बास कर आता. ती काय मुद्दाम करत होती?" बायका म्हणाल्या, लेक बघा कशी आईच्या बाजूनं उभी राहिली. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की मी मोरीत जाऊन ओकले. त्यालाही बायका दुःखच म्हणाल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईनं पहिल्यांदा सांगितलं, माझ्या ताटात नुसता भात वाढा. लोकांना वाटलं त्या दिवसापुरतं असेल. पण दुसऱ्या दिवशी घरी तिनं माझं कालवण वेगळं केलं आणि आपलं वेगळं, बिनमिठाचं, अण्णांच्या त्याच छोट्या पातेलीत. महिनाभर मी काही बोलले नाही. दुसऱ्या महिन्यात तिला चक्कर यायला लागली. जुलैत ती न्हाणीघरात पडली, कपाळाला तीन टाके पडले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "आजी, शरीरात मीठ कमी झालंय. लिंबू-साखर-मीठ घालून पाणी प्या, जेवणात नीट मीठ खा, नाहीतर एक दिवस उठणार नाही." घरी येताना आई वाटेत म्हणाली, "डागतर पोरगा चांगला हाय." पण दुसऱ्या दिवशी छोटी पातेली परत चढली.

काल रविवार होता. दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. कपाळावरच्या टाक्यांची खूण अजून लाल आहे. ती अळणी डाळीत भाकरी कुस्करून खात होती, न चावता गिळत होती. मला बघवेना. मी म्हटलं, "आई, पुरे झालं आता. चिमूटभर मिठानं कुणी मरत नसतं. अण्णा तुझ्या मिठानं गेले नाहीत."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. तीन महिन्यांत तिनं कुणाकडेच असं पाहिलं नव्हतं. त्या डोळ्यांत एकदम काहीतरी उजाडलं, आणि ते बघून मला धडकी भरली.

"मग कशानं गेलं गं?"

तोंडात घास होता, तो मी गिळला. शब्द तयार होता. फक्त जीभ उचलायची होती. तिनं मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, कदाचित पुन्हा कधी माझं तोंड बघितलं नसतं, पण ती मीठ खायला लागली असती. मला हे सगळं स्पष्ट दिसत होतं.

"वय झालं होतं, आई," मी म्हणाले. "किडन्या गेलेल्या होत्या. आज ना उद्या होणारच होतं."

उजाडलेलं होतं ते विझलं. तिनं मान खाली घातली आणि परत भाकरी कुस्करायला लागली. "मला समजवू नगंस," ती म्हणाली. रागानं नाही, शांतपणे. "तू चांगली हायस म्हनून बोलतीस. ह्या घरात तू येकटीनं नेम पाळलास. कागद लावलास, कधी इकडचं तिकडं केलं न्हाईस. मी आडानी, मला दम निघंना."

मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

"येक काम कर," ती म्हणाली. "उद्यापासनं सैपाक तूच कर, माजा बी. ह्या हाताचा मला भरवसा न्हाय ऱ्हायला. तुजा हात चुकायचा न्हाय."

मी बरं म्हणाले, आणि तिचं ताट उचलायला उठले.